नव्या घरात जुने स्पीकर का घुमतात, आणि लहान स्पीकर निवडायचे तर कसे

घर बदललं की सामान तेच राहतं, भिंती बदलतात. कपाटाला त्याचं काही वाटत नाही, स्पीकरला वाटतं. ऐसपैस हॉलमध्ये वर्षानुवर्षं सुरेल वाजलेली, कंबरेएवढ्या उंचीची जोडी नव्या घरातल्या लहान खोलीत लावली की पहिल्याच दिवशी काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. बेस गिटारचे दोन स्वर अंगावर येतात, त्यानंतरचा एक जवळपास गायब होतो, गायकाचा आवाज जड लागतो आणि ढोलाचा ठोका संपला तरी त्याची घरघर मागे उरते. तारा तपासल्या, ॲम्प्लिफायर तपासला, सगळं ठीक. मग कोणीतरी सांगतं, "लहान खोलीला लहान स्पीकर घ्या."

सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. त्यामागचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं: खोली लहान, म्हणून आवाज कमी लागतो. आवाज कमी करायला बटण असतंच. अडचण आवाजाच्या जोरापेक्षा त्याच्या लाटेच्या लांबीत आहे.

खोलीही वाजते

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्वर जितका खालचा, तितकी त्याची लाट लांब. सेकंदाला १००० कंपनं, म्हणजे १००० हर्ट्झ, अशा स्वराची एक लाट ३४ सेंटिमीटरची असते. १०० हर्ट्झची ३.४ मीटर. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. त्याची लाट आठ मीटरहून लांब. म्हणजे वरच्या स्वरांना खोली मोठं मैदान असते आणि खर्जाला ती खोकं असते. (लाट खोलीत मावत नाही म्हणून खर्ज ऐकूच येत नाही, असंही काही जण ठासून सांगतात. तसं असतं तर कानाएवढ्या जागेत वाजणाऱ्या हेडफोनमध्ये बेस आलाच नसता.)

खोक्यात काय होतं? झोक्याची एक स्वतःची लय असते. त्या लयीत हलके धक्के देत राहिलं तरी तो उंच जातो आणि धक्के थांबवले तरी काही वेळ झुलत राहतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या हवेलाही अशीच लय असते. याला अनुनाद म्हणतात, आणि त्याची सर्वांत खालची वारंवारता काढायचं गणित सोपं आहे: ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोली घेतली तर लांबीचा अनुनाद ४९ हर्ट्झवर येतो, रुंदीचा ५७ वर, उंचीचा ६१ वर. तिन्ही अगदी शेजारी शेजारी. संगीतातला बेस नेमका जिथे राहतो तिथेच या खोलीने आपली गर्दी केली. सात मीटर लांबीच्या जुन्या हॉलमध्ये पहिला अनुनाद २४.५ हर्ट्झवर होता, जिथे बहुतेक गाण्यांमध्ये फारसं काही नसतंच. शिवाय बेसच्या पट्ट्यात त्याचे अनुनाद जास्त आणि दाट होते, त्यामुळे एखादाच स्वर वेगळा उठत नव्हता.

लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस खोली सर्वांत त्रासदायक, कारण दोन अनुनाद एकाच स्वरावर येऊन बसतात.

अनुनादाची दुसरी बाजूही आहे. भिंतीपाशी तो जोरात ऐकू येतो आणि पहिला अनुनाद खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. म्हणून मधोमध खुर्ची टाकून बसलेला माणूस "बेसच नाही" म्हणतो, मागच्या भिंतीला टेकलेला "बेस फार आहे" म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे सगळं साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खाली चालतं. त्या वर अनुनाद इतके दाट होतात की वेगळे कळत नाहीत आणि स्पीकरचा स्वतःचा स्वभाव ऐकू येऊ लागतो. ही सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. खोली जितकी लहान, तितकी ही सीमा वर सरकते, म्हणजे खोलीच्या ताब्यात जास्त संगीत जातं. आता मोठी जोडी का घुमते ते उघड आहे. ती ३५ हर्ट्झपर्यंत भरपूर ऊर्जा सोडते, जागा कमी म्हणून कोपऱ्यात ढकललेली असते, आणि जवळची प्रत्येक भिंत तिच्या खर्जात भर घालते.

लहान खोक्यात काय सोडावं लागतं

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये हॉफमनचा नियम प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी जोसेफ अँटन हॉफमन यांचं नाव त्याला मिळालं. स्पीकरच्या खोक्याकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: आकार लहान, खर्ज खोल आणि कमी विजेत मोठा आवाज. तिन्ही एकत्र मिळत नाहीत, कुठल्याही दोन निवडा. हा सौदा फार कडक आहे. तितक्याच विजेत तितकाच आवाज ठेवून एक सप्तक खाली जायचं, म्हणजे वारंवारता निम्मी करायची, तर खोकं आठपट मोठं लागतं.

एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला तेव्हा त्यांनी तिसरी गोष्ट सोडली. हवाबंद लहान खोकं, आतली हवाच स्प्रिंगचं काम करणार, खर्ज खोल, पण ॲम्प्लिफायरकडून वीज जास्त मागणार. त्यापूर्वी चांगल्या बेससाठी लोक घरात कपाटाएवढी पेटी ठेवत. आज ॲम्प्लिफायरकडे वॅट मुबलक असल्याने हा सौदा आणखी सोयीचा झाला आहे.

१९७० च्या दशकात बीबीसीने बनवलेल्या एलएस३/५ए या स्पीकरने दुसऱ्या टोकाचा मार्ग धरला. तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे तंत्रज्ञाला कोपर हलवायला जागा नाही अशा ठिकाणी वापरायचा होता. खोकं सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल. आतली जागा जेमतेम पाच लिटर. खोल खर्जाचा नाद त्यांनी सोडूनच दिला, वरच्या बेसला थोडा उठाव दिला आणि माणसाचा आवाज खरा वाटावा यावर सगळं लक्ष दिलं. आजही या स्पीकरच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांमागे लोक वेडे आहेत. मला त्यातून एवढंच दिसतं की खालचं एक सप्तक गेलं तरी संगीत जात नाही, मधलं सप्तक बिघडलं तर जातं.

खालचं सप्तक गेल्यावर नेमकं काय जातं? पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, पण ती किती वेळा वाजते? चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झची. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास फिरतो. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंत नीट पोहोचणारा लहान स्पीकर गायन, तंतुवाद्यं, तबला, बहुतेक जॅझ आणि भावगीतं जवळजवळ पूर्ण देतो. ऑर्गनचे मोठे नळे, इलेक्ट्रॉनिक संगीतातला तळ आणि चित्रपटातले स्फोट कमी होतात. त्याहून खालचा स्वर आला तरी बेसची चाल हरवत नाही, कारण मूळ स्वर गाळला गेला तरी त्याच्या वरच्या पटीतल्या स्वरांवरून आपला मेंदू तो ओळखतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो यामुळे. वजन मात्र कमी होतं, हे मान्य केलेलं बरं.

दुसरा तोटा जोराचा. एक सप्तक खालचा स्वर तितक्याच जोरात काढायला वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या घटकाच्या, पडद्याला चौपट पुढे-मागे जावं लागतं. १३ सेंटिमीटरच्या पडद्याची त्यात लवकर दमछाक होते. मोठ्या आवाजात खर्ज फाटायला लागला तर लहान स्पीकरच्या मर्यादेला आपण पोहोचलो असं समजायचं.

खोली थोडं परत देते

इथे लहान खोली मदतीला येते. तिच्या सर्वांत खालच्या अनुनादाच्याही खाली, म्हणजे आपल्या उदाहरणात ४९ हर्ट्झच्या खाली, लाटा उरत नाहीत. खोलीतल्या संपूर्ण हवेचा दाब एकत्र वर-खाली होतो आणि आवाज वाढत जातो. आदर्श, घट्ट बंद खोलीत ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल असते (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप). गंमत अशी की हवाबंद खोक्याचा स्पीकर आपल्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एक उतरतो, दुसरी उचलते. प्रत्यक्षात दारं-खिडक्या आणि पातळ भिंतींमधून दाब निसटतो, त्यामुळे कागदावरचा हिशोब पूर्ण जुळत नाही. तरी लहान बंद खोलीत हवाबंद स्पीकर माहितीपत्रकापेक्षा खोल वाजतो, हे खरं.

आज बहुतेक लहान स्पीकरना पोर्ट असतो, म्हणजे खोक्याला मागे किंवा पुढे काढलेलं नळीसारखं भोक. त्याने एका ठराविक स्वराभोवती बेस वाढतो, पण त्याखाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. लहान खोलीत दोन स्पीकर इतर बाबतींत सारखे वाटले तर मी हवाबंद घेईन. पोर्टवाला आवडला तर त्यासोबत पोर्टमध्ये घालायचे फोमचे बोळे मिळतात का ते बघावं; ते घातले की तो बऱ्याच अंशी हवाबंदासारखा वागतो.

आधी जागा, मग मॉडेल

निवड करताना लोक आधी मॉडेल ठरवतात आणि घरी आणून त्याला कुठे ठेवायचं ते शोधतात. क्रम उलटा हवा, आणि त्याचं कारण स्पीकरच्या पुढच्या फळीत आहे. वरचे स्वर या फळीवरून सरळ पुढे येतात. खालचे स्वर, ज्यांच्या लाटेपुढे फळी किरकोळ असते, सगळ्या दिशांना पसरतात, त्यामुळे समोर बसलेल्याला कमी मिळतात. २० सेंटिमीटर रुंदीच्या स्पीकरमध्ये हा बदल साधारण ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास होतो. स्पीकर मोकळ्या जागेत उभा राहणार असं गृहीत धरून बनवलेला असेल तर कारखान्यातच त्याच्या खालच्या स्वरांना उठाव दिलेला असतो. तोच स्पीकर भिंतीला चिकटवला की भिंतीचा उठाव आणि कारखान्याचा उठाव एकावर एक बसतात आणि गायक पुन्हा जड गाऊ लागतो. भिंतीजवळ ठेवायला बनवलेल्या स्पीकरमध्ये हा उठाव कमी ठेवलेला असतो. तो खोलीच्या मध्ये आणला की आवाज पातळ लागतो. दोन्ही चांगले स्पीकर, पण जागा चुकली की दोन्ही वाईट.

मागच्या भिंतीपासून किती अंतर? भिंतीवर आपटून आलेली लाट मूळ लाटेला एका ठराविक स्वरावर खोडून काढते. तो स्वर काढायला ३४३ ला, स्पीकरची पुढची फळी आणि मागची भिंत यांच्यातल्या अंतराच्या चौपटीने भागा. ८५ सेंटिमीटरवर खड्डा १०० हर्ट्झला पडतो, म्हणजे बेसच्या ऐन मध्यावर. ३० सेंटिमीटरवर तो २८५ च्या वर जातो, जिथे त्याचा त्रास तुलनेने कमी. म्हणून लहान खोलीत धड भिंतीपाशी नाही, धड खोलीत नाही अशी मधली जागा सर्वांत वाईट ठरू शकते. जागा नसेल तर सरळ भिंतीजवळचा स्पीकर घ्या आणि भिंतीजवळ ठेवा. कोपरा मात्र टाळा, आणि दोन्ही स्पीकरची बाजूच्या भिंतींपासूनची अंतरं मागच्या अंतरापेक्षा वेगळी ठेवा, नाहीतर खड्डे एकाच स्वरावर पडतात.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा लहान घटक, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण शक्यतो समभुज असावा. याला स्टँड लागतो, आणि इथे एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: स्टँडवरचा लहान स्पीकर जमिनीवर सडपातळ उभ्या स्पीकरएवढीच जागा खातो. जागा वाचवणं हाच एकमेव हेतू असेल तर भिंतीवर टांगायचा किंवा फडताळात बसणारा स्पीकर बघा. फडताळात ठेवायचा असेल तर पोर्ट पुढे असलेला किंवा हवाबंद बरा, आणि फळीच्या अगदी काठापर्यंत पुढे ओढलेला.

माहितीपत्रकातले दोन आकडे

"४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. त्यापुढे अधिक-उणे ३ डेसिबल असं काही लिहिलंय का ते पाहा. उणे १० डेसिबलला ४५ हर्ट्झ म्हणजे तिथे आवाज कानाला निम्माच उरलाय. दोन कंपन्यांचे आकडे एकाच मोजपट्टीवर असतील तरच तुलना करा.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा: ठराविक वीज दिली की एक मीटरवर किती डेसिबल आवाज. लहान स्पीकरमध्ये तो ८३ ते ८७ असतो, मोठ्यांमध्ये ८८ ते ९१. तीन डेसिबल कमी म्हणजे दुप्पट वॅट लागतात. ऐकून घाबरायला होतं, पण हिशोब करून पाहा. ८४ डेसिबलची जोडी आणि ऐकणारा अडीच मीटरवर: आरामात ऐकण्याच्या ७५ डेसिबलच्या पातळीला प्रत्येक स्पीकरला अर्धा वॅटही लागत नाही. त्याहून २० डेसिबल वर उसळी आली तर सुमारे ४० वॅट. हेच चार मीटरवर बसलं तर अडीचपट वीज लागते. लहान खोलीत जवळ बसल्यामुळे लहान स्पीकरचा मोठा तोटा आपोआप भरून निघतो. मात्र माहितीपत्रकात स्पीकरचा विजेला होणारा विरोध ४ ओहम लिहिला असेल तर आपला ॲम्प्लिफायर तेवढा भार घेतो का ते आधी बघा.

जुनेच स्पीकर हळू वाजवले तर?

अनुनादाचं प्रमाण आवाज कमी केल्याने बदलत नाही. ४९ हर्ट्झचा स्वर शेजारच्या स्वरापेक्षा १० डेसिबल वर असेल तर तो हळू वाजतानाही १० डेसिबल वरच राहतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. त्यामुळे घुमणं कमी जाणवतं, पण चांगला बेसही त्याबरोबर जातो.

हळू आवाजात ऐकणाऱ्याला माहितीपत्रकावर आणखी दहा हर्ट्झ खोल जाणारा स्पीकर घेऊन फारसा लाभ नसतो. त्याने ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं, म्हणजे हळू आवाजात खर्ज उचलून देणारं, बटण आहे का ते बघावं.

खोली सुधारून मोठेच ठेवता येणार नाहीत का?

येतील, आणि घाई करू नये. रिकाम्या नव्या घरात टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट, गादीदार सोफा आले की ती बरीचशी जाते, म्हणून घर लागेपर्यंत स्पीकरबद्दल निकाल देऊ नये. पण या गोष्टी वरच्या स्वरांना शोषतात. भिंतीवर लावायचा पातळ फोम ५० हर्ट्झला काहीही करत नाही. त्या स्वराची चौथाई लाट १.७ मीटर असते, चार सेंटिमीटरचा फोम तिच्यापुढे काय टिकणार?

सॉफ्टवेअरने खोली दुरुस्त करणारे ॲम्प्लिफायर जास्त उपयोगाचे. ते वर आलेला स्वर दाबतात आणि घुमणं खरोखर कमी करतात. खड्डा मात्र त्यांना भरता येत नाही. जितकी वीज घालाल तितकी परतीची लाटही मोठी होते आणि पुन्हा खोडते. जुनी जोडी मनापासून आवडत असेल तर पोर्टमध्ये बोळे, कोपऱ्यापासून सुटका आणि असा ॲम्प्लिफायर, एवढं करून पाहावं. तेवढ्यानेही भागलं नाही, किंवा दोन स्पीकरच्या मधून वाट काढत चालावं लागत असेल, तर लहानांकडे वळावं.

मग सबवूफर लागेलच ना?

सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारं वेगळं खोकं. तो लागेलच असं नाही. चित्रपट बघत असाल तर उपयोगी, आणि त्याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: मुख्य स्पीकर जिथे चांगले वाजतात तिथे ठेवून बेसचं खोकं बेसला सोयीच्या जागी ठेवता येतं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याला दिलं की लहान वूफरची धावपळही कमी होते. जागा शोधायची जुनी युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसायच्या जागेवर ठेवा, बेसची एखादी चढती-उतरती चाल लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐका. जिथे सगळे स्वर सारखे येतात तिथे सबवूफर न्या. रांगताना कोणी पाहू नये एवढीच काळजी.

भिंतीपलीकडे शेजारी असतील तर विचार करा. भिंत वरचे स्वर सहज अडवते, खर्ज मात्र सहज आरपार जातो. ५० हर्ट्झच्या आसपास थांबणारी लहान जोडी तुमच्या शेजारसंबंधांसाठीही बरी असते.

मोठे स्पीकर दिसायलाच भारदस्त, त्यांचा आवाजही तसाच ना?

डोळे या बाबतीत कानांना फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हे तपासलं. काही स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना ऐकवून गुण द्यायला सांगितले. समोर दिसताच मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, साध्या प्लॅस्टिकच्या संचाचे घसरले. आवाज तोच होता. टूल यांच्या अनेक वर्षांच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली: पडद्याआड बहुतेक लोकांना समोरून सपाट आणि बाजूलाही एकसारखा आवाज देणारा स्पीकरच आवडतो, मग तो लहान का असेना. कंपनीने असे मोजमापांचे आलेख दिले असतील तर ते जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा जास्त सांगतात.

दुकानात ऐकलेला बेस हा दुकानाच्या खोलीचा बेस असतो. तिथे फक्त मधले आणि वरचे स्वर पारखा: ओळखीच्या माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, टाळ्या, एकटा तंबोरा. बेसचा निर्णय घरी, आपल्या जागेवर, परत करण्याची मुभा घेऊन. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या; फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप त्यापुरतं चालतं. एका डेसिबलने जास्त जोरात वाजणारा स्पीकर कानाला "जास्त जोरात" वाटत नाही, "जास्त चांगला" वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.